पोळ्याला आंब्याचा वास

"ताई, घाटंजी तालुक्यात माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोळ्याला घरी आला होता. त्याची आई म्हणे, याच्या खोलीत आंब्याचा वास येऊन राहिला. पोळ्याला आंबा कुठला? मला वाटलं, सेंट मारला असेल. दुसऱ्या दिवशी त्याची पॅन्ट धुवायला घेतली तर खिशातून एक डबी निघाली. पिवळीजर्द, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एका टोकाला शिट्टीसारखी तोटी. पुतण्या म्हणाला, काका, हे व्हेप आहे, ई-सिगारेट, दीड हजाराची येते. दोन-तीन महिन्यांपासून पोरगा पैसे जास्त मागून राहिला, त्याचं कारण तेव्हा समजलं. विचारलं तर म्हणतो, 'बाबा, नुसती पाण्याची वाफ आहे. तुमच्या खर्ऱ्यापेक्षा बरी.' मी गप्प झालो. पंचवीस वर्षांपासून मी खर्रा खातो, तंबाखू-सुपारी घोटलेला, दिवसाला चार-पाच पुड्या. कोणत्या तोंडानं त्याला सांगू? डबी मी धान्याच्या कोठीत लपवली आहे, चुलीत टाकून देईन म्हणतो. घरात तीन वर्षांची नात असते. पोरगा तसाच पुण्याला गेला, आता फोन उचलत नाही. त्याला परत बोलावून घेऊ काय? यात पोलिसांचं लफडं होते काय?"
— एक बाप, यवतमाळ जिल्हा

भाऊ,

आधी उठा आणि ती डबी कोठीतून काढा. बाकीचं त्यानंतर वाचा.

आंब्याचा वास येणारी, खेळण्यासारखी रंगीत वस्तू नातीच्या हाती लागली तर ती सरळ तोंडात घालणार. आतल्या द्रवात निकोटीन असतं आणि एवढ्याशा लेकराला ते थोडं गिळलं तरी बाधतं. उलट्या, लाळ, घाम, अंग पांढरं पडणं, जास्त गेलं तर झटके. कधी तसं झालंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, डबी हातात घेऊन दवाखाना गाठा. आणि चुलीत तर अजिबात टाकू नका. आत लिथियमची बॅटरी आहे, मोबाइलमध्ये असते त्याच जातीची. विस्तवात ती फुटते. सध्या डबी पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावा. पुढचं पुढे सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न. पोलीस, पुणे, डबी हे सगळं त्याच्या अवतीभवतीचं आहे. 'कोणत्या तोंडानं त्याला सांगू' हे वाक्य तुम्ही एकदा लिहून खोडलं आणि त्याच्याच खाली पुन्हा लिहिलं. कागदावर दिसते ते.

त्याच तोंडानं सांगा, भाऊ. खर्रा खाणाऱ्या. तलफ काय असते, ती आली की माणूस बायकोशी कसा बोलतो, पावसात भिजत पानठेल्यापर्यंत कसा जातो, हे सांगणारा माणूस त्या पोराला पुण्यात कुठं भेटणार आहे?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका होते आणि नोकरीची पहिली अकरा वर्षं गुडाखू, म्हणजे दातांना लावायची तंबाखूची पेस्ट, घासत होते. माहेर गोंदियाकडचं. आई घासायची, मावशी घासायची, मी नववीत असताना लागले. पांढऱ्या साडीत वॉर्डात फिरून लोकांना 'तंबाखू सोडा' सांगायचं आणि ड्यूटी संपली की मागच्या नळावर जाऊन डबी उघडायची. घासल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, अशी मनाची पक्की समजूत. एक दिवस एका म्हाताऱ्यानं माझा उपदेश शांतपणे ऐकून घेतला आणि माझ्या हाताकडं पाहत म्हणाला, "सिस्टर, तुमचंबी बोट काळं हाये." त्या दिवसापासून माझा उपदेश बंद. गंमत म्हणजे, तो बंद झाल्यावरच पेशंट माझ्याशी तंबाखूबद्दल खरं बोलायला लागले.

आता त्या वाफेकडं वळू.

तुम्ही पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीवर फवारा मारता. नोझलमधून जे धुकं निघते ती पाण्याची वाफ असते काय? औषधाचेच बारीक थेंब असतात ते. या डबीतही तेच आहे, दांडा मारायच्या जागी इथं तापवणं आहे एवढंच. आत बॅटरी असते, नखाएवढी तारेची गुंडाळी असते आणि त्या गुंडाळीत बहुतेक वेळा वात असते, कापसाची. (तुमचा-माझा कापूस कुठं कुठं जाऊन पोचतो पाहा.) प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन अशा दोन चिकट द्रवांत वासाची रसायनं आणि निकोटीन कालवतात, वात त्यात भिजलेली राहते. तोटी ओढली की तार तापते, वातीतला द्रव उडतो, लगेच निवून त्याचे थेंब होतात आणि ते थेंब थेट छातीत उतरतात. तुम्ही फवारणी करताना तोंडाला दुपट्टा बांधता ना? हा पोरगा नोझल तोंडात धरून बसला आहे.

निकोटीन तंबाखूचं झाड स्वतःसाठी बनवते, किडीनं खाऊ नये म्हणून. पूर्वी तंबाखूचा अर्क पिकावर मारायची पद्धतच होती. बीटीचं रंगवलेलं बी तुम्ही पेरता, त्यावर मावा-तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडचा लेप असतो. ते औषध ज्या गटात मोडते त्याचं नावच निओनिकोटिनॉइड. निकोटीन नसांमध्ये जिथं जाऊन बसते, तिथंच तेही बसते. पण हे मी तुमच्या समजुतीसाठी सांगितलं. पोराला "तू कीटकनाशक ओढून राहिला" म्हणू नका. दोन मिनिटांत तो मोबाइलवर पाहील, ही दोन रसायनं वेगळी आहेत हे वाचेल आणि तुमची पुढची खरी गोष्टसुद्धा खोट्यात जमा करेल.

पेटीत ठेवण्याआधी डबीवरचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच डब्यांवर '5 टक्के' असं लिहिलेलं असते. म्हणजे एका मिलिलिटरमागे साधारण 50 मिलिग्रॅम निकोटीन. आत 2 मिलिलिटर द्रव असेल तर 100 मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून अंगात जाते ते 1 ते 2 मिलिग्रॅमच्या आसपास. डबीतलंही सगळं अंगात जात नाही, तरी केवढा साठा खिशात घालून फिरतात ते समजा. एवढं कडक निकोटीन साधं असतं तर पहिल्याच झुरक्याला घसा जळाला असता, ठसका लागला असता. म्हणून त्यात आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात. घशाला लागत नाही, डोक्यात मात्र पोचते. खर्ऱ्याच्या पहिल्या पुडीला तुम्हाला गरगरलं असेल, घाम फुटला असेल. या पोरांना आंबा, पुदिना, टरबूज लागते.

शहरातल्या पोरांना हे सिगारेटपेक्षा सोपं का जाते, तेही समजून घ्या. सिगारेट पेटवावी लागते, राख पडते, कपड्यांना वास येतो, आणि मुख्य म्हणजे ती संपते. थोटूक फेकलं की एक काम पुरं होते. या डबीला तसा शेवट नाही. अभ्यास करता करता एक झुरका, बाथरूममध्ये एक, पांघरुणात एक. किती झाले ते त्यालाही माहीत नसते. आणि सुरुवात तुमच्यासारखीच झाली असणार. पानठेल्यावर स्वतः पैसे मोजून पहिला खर्रा कोण घेते? कुणी तरी दोस्त पन्नीवर घोटतो आणि अर्धा आपल्या हातावर ठेवतो. तिकडं फ्लॅटवर चार पोट्टे राहतात, एकाच्या हातात डबी असते, उद्या पेपर असतो.

"तुमच्या खर्ऱ्यापेक्षा बरी" हे त्याचं बोलणं तुम्हाला लागलं, कारण ते निम्मं खरं आहे. ते निम्मं मी लपवणार नाही. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञानं 2003 च्या सुमारास हे यंत्र काढलं, तो स्वतः सिगारेट ओढायचा आणि ती सुटावी म्हणून. ब्रिटनमध्ये आजही सिगारेट सुटत नसलेल्या माणसाला आरोग्य खातं हा पर्याय सुचवते, कारण यात काही जळत नाही, डांबर नाही. पण तो पर्याय पेटलेली सिगारेट सोडणाऱ्यासाठी आहे. तुमच्या पोरानं काय सोडलं? काहीच ओढत नव्हता, तो निकोटीनला लागला. त्याच ब्रिटननं 1 जून 2025 पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आणली, कारण शाळेतली पोरं त्यांच्या मागं लागली होती. विशी-पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते, त्या वयात लागलेलं निकोटीन जास्त घट्ट चिकटते.

अमेरिकेत 2019 मध्ये व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण दवाखान्यात भरती झाले, 68 दगावले. व्हॉट्सॲपवर हे तुमच्याकडं येईलच, पण त्यातलं एक वाक्य गाळून येईल. त्यातले बहुतेक रुग्ण गांजाचा अर्क भरलेले, चोरट्या बाजारातले व्हेप ओढत होते आणि त्या अर्कात व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाची भेसळ सापडली. म्हणजे साधं व्हेप ओढणारा प्रत्येक जण असा मरतो, असं नाही. मग आपल्याला त्यातून घ्यायचं काय? चोरट्या बाजारातल्या डबीत काय भरलं आहे ते कोणी तपासत नाही. आणि आपल्या देशात तर हा सगळाच बाजार चोरटा आहे. डबीवर 'निकोटीन शून्य' छापलं असलं तरी ते छापणाऱ्याला विचारणारं कोणी नाही. पोराशी बोलताना हा मुद्दा धरा, तो इंजिनिअरिंगचा आहे, त्याला पटेल.

इथंच पोलिसांचंही सांगून टाकते. 18 सप्टेंबर 2019 ला केंद्र सरकारनं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात, साठा, सगळं बंद. साठ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा त्या कायद्यात लिहिलेली नाही, तेव्हा कोठीतल्या एका डबीसाठी झोप उडवू नका. पण तुमचा पोरगा दोस्तांसाठी चार डब्या मागवून पैसे वाटून घेत असेल, तर ती विक्री ठरू शकते. हे त्याला सरळ शब्दांत सांगा. बंदी असून मिळते कशी, असं विचाराल. मी वर्ध्यात राहते, इथं कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. आणखी काय सांगू?

परत बोलावू नका. गावात येऊन तो काय करेल? पानठेल्यावर बसेल आणि दोन महिन्यांत खर्ऱ्याला लागेल. मामाला, आत्याला, कोणालाच सांगू नका आणि पुतण्याच्याही तोंडाला कुलूप लावा. पैशांचा हिशेब तर काढूच नका. मला मोह झाला होता, मी काढून पाहिला: महिन्याला तीन डब्या म्हणजे साडेचार हजार, आणि 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110. दर महिन्याला अर्ध्या क्विंटलच्या वर कापूस वाफेत जातो. वाचून जीव जळतो ना? पण हे बोलून दाखवलं की तो पंचवीस वर्षांच्या खर्ऱ्याचा हिशेब मांडेल. इंजिनिअरिंगचा आहे, तुमच्यापेक्षा लवकर करेल.

तो फोन उचलत नाही, हे मी फार मनावर घेतलं नसतं. लाज वाटली की पोरं असंच करतात. व्हॉट्सॲपवर तुमच्या आवाजात निरोप पाठवा, लिहून नको. तुमच्याच बोलीत, एवढाच: "बाळा, डबी माह्याजवळ आहे. तुह्या आईले अन् माह्या पुतण्याले सोडून कोणाले मालूम नाही. दिवाळीले ये. मलेबी खर्रा सोडायचा आहे, एकट्यानं जमून नाही राहिलं." शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. खोटं असेल तर निरोपच पाठवू नका.

दिवाळीत कापसाचा वेचा सुरू असेल. माणसं घरी परतली की संध्याकाळी दोघंच वावरात जा, धुऱ्यावर बसा. डबी त्याच्या हातात द्या. हो, परतच द्या. लपवून, जाळून सुटलेलं व्यसन मी तीस वर्षांत पाहिलं नाही, दुसरी डबी तो तिकडं गेल्या गेल्या घेतो, कदाचित आताच घेतली असेल. फेकायची ती त्यानं फेकावी, फक्त विहिरीत किंवा उकिरड्यावर नको. बॅटरीची वस्तू आहे, पुण्यात ई-कचरा घेणारे आहेत, त्यांना देऊ दे.

मग एकच गोष्ट विचारा: सकाळी जाग आल्यावर पहिला झुरका किती वेळानं घेतो? डॉक्टरही हेच विचारतात. पाच मिनिटांच्या आत घेत असेल तर निकोटीन चांगलंच मुरलं आहे, मनाच्या जोरावर एकट्यानं सोडायला सांगणं म्हणजे त्याला हरवायला पाठवणं. तासाभरानं घेत असेल तर काम सोपं. त्यानं सांगितलं की तुमचंही सांगा. चूळ भरायच्या आधी तुम्ही उशाखाली पुडी चाचपता की नाही?

सोडायचा दिवस ठरवा, पण परीक्षेच्या आठवड्यातला नको. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड होते, झोप येत नाही, डोकं लागत नाही, हात सारखा खिशात जातो. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डबॉयवर एवढी ओरडले होते की बिचारा अर्धा दिवस रजा टाकून गेला. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. प्रत्येक तलफ पाच-दहा मिनिटांची असते, तेवढा वेळ काढायचा. उठून चालायचं, पाणी प्यायचं, बापाला फोन लावायचा. हो, तुम्हाला. आणि तुम्ही उचलायचा, तेव्हा 'काहून ओढतो रे' विचारायचं नाही.

औषधाच्या दुकानात निकोटीनची गम मिळते, 2 आणि 4 मिलिग्रॅमची. डॉक्टरला विचारून घ्यावी. ती बबलगमसारखी चघळत राहायची नसते. थोडी चावायची, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायची. दाबून ठेवायला तुम्हाला शिकवायची गरज नाही, पोराला तुम्हीच शिकवा. चहा पिऊन लगेच घेतली तर ती लागत नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत नंबर आहे, 1800-11-2356. त्याला एवढा फोनही जड वाटत असेल तर 011-22901701 वर नुसता मिस्ड कॉल द्यायचा, मोबाइलवर संदेश यायला लागतात. रात्री मन फारच बिघडलं तर टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416. एकदा सांगून ठेवा, व्हेप सुटून हातात सिगारेट आली तर ती सुटका मोजायची नाही.

आणि आता तुमचं. पोराच्या डबीपेक्षा मला तुमच्या पुडीची जास्त काळजी आहे. खर्ऱ्यात तंबाखू आहेच, पण सुपारीही आहे, आणि सुपारी कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2004 मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडं धुरापेक्षा चघळण्याचाच रोग मोठा. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के होते आणि तोंडात धरणारे 24.4 टक्के. पंचवीस वर्षं दिवसाला चार-पाच पुड्या म्हणजे तोंडाची आतली कातडी कडक व्हायला लागलेली असू शकते. तिखट लागलं की जळते काय? जेवताना घास मोठा घेता येते काय?

आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि आपल्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं, अनामिका, एकमेकांवर उभी धरून वरच्या-खालच्या दातांच्या मधात घालून पाहा. जात असतील तर ठीक, तरी एकदा दाखवून घ्या. दोनच जात असतील किंवा आत पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर दिवाळीची वाट पाहू नका. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दातांचा विभाग आहे, नाही तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.

किती बोटं गेली, ते मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पोरालाही सांगा.